ओटीपी सांगा, सर!

शाळेत पाऊल टाकल्याबरोबर जो शिक्षक घंटेकडे पाहत नाही, पोरांकडे पाहत नाही, थेट भिंतीवरचं बटण दाबून लाईन आहे की गेली ते पाहतो, तो तंत्रस्नेही शिक्षक समजावा. त्याच्या शर्टाच्या खिशात दोन मोबाईल असतात. एक गावात चालतो, दुसरा गावाबाहेरच्या पुलावर. पाठीवरच्या सॅकमध्ये पॉवर बँक, तीन तऱ्हेच्या वायरी, दोन पेन ड्राइव्ह, एक्स्टेंशन बोर्ड आणि टेस्टर. डबा असतोच असं नाही.

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात प्रत्येक केंद्राला असा एक तरी गुरुजी असतोच. केंद्र म्हणजे जिल्हा परिषदेच्या दहाबारा शाळांचा गट, आणि त्या गटाचं पान याच्यावाचून हलत नाही. मी सांगतो तो दर्यापूर तालुक्यात चौथीला शिकवतो, राहतो अकोल्यात. रोज स्प्लेंडरवर अपडाऊन. बायको मूर्तिजापूर तालुक्यात शिक्षिका. म्हणजे नवरा अमरावती जिल्ह्याचा, बायको अकोला जिल्ह्याची, आणि दोघांच्या मधोमध बदलीचं पोर्टल.

हा जन्मतः तंत्रस्नेही नव्हता. त्याला तसा केला. २२ जून २०१५ ला शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम काढला, त्याच वर्षी ‘सरल’ ही ऑनलाइन प्रणाली आली, आणि पोराचं नाव, जात, जन्मतारीख, आईचं नाव असं सगळं कॉम्प्युटरात भरायची पाळी आली. केंद्राच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख साहेबांनी विचारलं, “कोणाले येते हे?” सगळ्यांनी माना खाली घातल्या. यानेही घातली होती, पण हा खाली घालून मोबाईल पाहत होता. साहेबांनी तेवढंच पाहिलं.

“सर, तुमाले येते ना? मंग झालं. आजपासून आपल्या केंद्राचे तंत्रस्नेही तुमी.”

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमध्ये कौतुक किती आणि सुटकेचा श्वास किती, हे त्याला दोन महिन्यांनी कळलं.

त्याच्या शाळेचे मोठे गुरुजी निवृत्तीला टेकलेले. यंत्राविषयी त्यांचं तत्त्वज्ञान पक्कं होतं. यंत्र वापरलं की बिघडते, बिघडलं की चौकशी होते, म्हणून ते कुलपात ठेवावं. या तत्त्वज्ञानाचा पुरावा म्हणजे शाळेची डेडस्टॉक नोंदवही. ती वही पालथी घातली की महाराष्ट्रातल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाचा सगळा इतिहास सापडतो. पहिल्या पानांवर १९८७ च्या खडू-फळा मोहिमेतलं साहित्य. मग रेडिओ-कॅसेट प्लेअर, नग एक. मग टीव्ही, नग एक. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘बालचित्रवाणी’चे कार्यक्रम पोरांनी पाहावे म्हणून आलेला. तो टीव्ही लाकडी पेटीत, पेटी कपाटात, कपाट कार्यालयात आणि कार्यालयाची किल्ली मोठ्या गुरुजींच्या जानव्याला. मग सर्व शिक्षा अभियानाच्या काळातले कॉम्प्युटर, नग तीन, त्यातल्या एकाचा माऊस उंदराने खाल्ला अशी नोंद, खाली सही-शिक्का. त्यापुढची पानं कोरी होती. ती भरायला आपला माणूस आला होता.

त्याने डिजिटल वर्ग करायचं ठरवलं. सरकार पैसे देत नाही म्हटल्यावर लोकवर्गणी. सरपंचाने पाच हजार जाहीर केले आणि दोन दिले. गावातल्या कृषी केंद्रवाल्याने पडद्यावर दुकानाचं नाव लिहायच्या बोलीवर प्रोजेक्टरला हातभार लावला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मिरवणुकीत गुरुजी पावतीपुस्तक घेऊन फिरला. एक म्हातारी म्हणाली, “काऊन गुर्जी, शाळेत टाकी आणता का आता? लावा बाप्पा, आमीबी येतो पाह्याले.” टाकी म्हणजे टॉकीज. म्हातारीने पन्नास रुपये दिले, वर विचारलं, “तिकीट त नाही ना मंग?”

प्रोजेक्टर आला. आता अंधार पाहिजे. वऱ्हाडात मार्चपासून जूनपर्यंत अंधार सोडून बाकी सगळं मुबलक असतं. महिला बचत गटाने जुन्या साड्या दिल्या, खिडक्या झाकल्या. वर्गात अंधार झाला आणि वाराही बंद झाला. इन्व्हर्टरवर एक तर पंखा चाले नाही तर प्रोजेक्टर. वर पत्रे, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत तीस पोरं. त्या दिवशी व्हिडिओ ज्वालामुखीचा होता. तो समजायला पडद्याची गरज उरली नाही.

पुढे वीजबिल थकलं आणि जोडणी तोडली गेली. जिल्हा परिषद शाळांची बिलं थकणं आणि जोडण्या तुटणं ही महाराष्ट्रात दरवर्षीची बातमी. शाळेच्या भिंतीवर मात्र पेंटरने निळ्या रंगात ‘डिजिटल शाळा’ लिहून ठेवलं होतं, ते काही तोडता आलं नाही. गुरुजीने ग्रामपंचायतीकडे खेटे घातले, शेवटी आपल्या खिशातून थकबाकीतला थोडा भाग भरला, आणि लाईन आली.

आणि मग एक दिवस असा आला की सगळी वर्गणी वसूल झाली. दाखवायचा होता युरोप खंड. त्याने गुगल अर्थ उघडलं. पृथ्वी गरगर फिरली, पोरं गप्प. युरोपला जाण्याआधी त्याने गंमत म्हणून आपलं गाव उघडलं. शाळेचे पत्रे दिसले. हनुमानाचं देऊळ दिसलं. आणि मागच्या बाकावरून एक पोट्टं ओरडलं, “सर, थे पाहा, थे माह्या बापाचं वावर!”

युरोप तिथेच संपला. “सर, मांगं घ्या, मांगं!” “सर, आमची विहीर!” “सर, नाला कोठी जाते थे दाखवा!” नाला पूर्णेला मिळतो, पूर्णा तापीला, तापी समुद्राला, हे पोरांनी बोट फिरवत स्वतः शोधलं. सुरतेजवळ समुद्र लागला तेव्हा वर्गात असा आरडाओरडा झाला की मोठे गुरुजी किल्ल्या सावरत धावत आले. पोरांनी त्या दिवशी दिशा, उतार, नदी, उपनदी, खोरं एवढं सगळं एका तासात गिळलं. चाचणीत ते कुठल्या रकान्यात भरायचं, हे आजवर ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पोट्ट्याचा बाप शाळेत हजर.

“गुर्जी, पोराले दाखोलं थे मलेबी दाखवा जराक. माहा धुरा पाहाचा हाये.”

गुरुजीने दाखवला. बापाने डोळे बारीक केले. “हे पाहा! दोन तासं दाबले त्यानं!”

“भाऊ, हा फोटो जुना असते.”

“फोटो जुना असो, धुरा त माहाच हाये ना?”

दुपारी शेजारचा शेतकरी आला, संध्याकाळी दोघं मिळून आले, आणि तिसऱ्या दिवशी गावात बोलवा झाला की भूमी अभिलेखवाले सहा महिने लावतात, शाळेतला गुरुजी फुकट मोजून देते. शेवटी त्याने गाव दाखवणं बंद केलं. आता पृथ्वी फिरली की ती डायरेक्ट फ्रान्सवर थांबते. फ्रान्समधले धुरे वादात नाहीत.

पण हे झालं पोरांपुरतं. तंत्रस्नेह्याचं खरं काम संध्याकाळी पाचनंतर आणि वरच्या दिशेने चालतं. त्याच्या मोबाईलवर केंद्राचा, बीटचा, तालुक्याचा, जिल्ह्याचा, संघटनेचा, दुसऱ्या संघटनेचा आणि ‘फक्त सूचना’ नावाचा असे ग्रुप आहेत. ‘फक्त सूचना’वर सर्वात जास्त गुड मॉर्निंग येतात. पत्रं तीन प्रकारची. साधं पत्र येतच नाही. तातडीचं म्हणजे आज. अतितातडीचं म्हणजे काल. आणि ‘प्रथम प्राधान्य’ म्हणजे वरच्या ऑफिसात विसरले होते, आता आठवलं. मागच्या पाच वर्षांत शाळेला किती वेळा आग लागली, त्यात किती नोंदवह्या जळल्या, ही माहिती दुपारी बारापर्यंत लिंकवर भरा. आग लागली नसल्यास तसं ‘निरंक’ कळवा. बारा वाजता लिंक उघडत नाही. उघडते तेव्हा ‘हा फॉर्म आता उत्तरे स्वीकारत नाही’ असं सांगते.

यातही फोटोचं शास्त्र वेगळं. झाड लावलं आणि फोटो नाही, तर झाड लागलेलं नाही. फोटो आहे आणि झाड बकरीने खाल्लं, तरी झाड लागलेलं आहे. फोटो जीपीएसवाला पाहिजे, खाली अक्षांश-रेखांश पाहिजेत, म्हणजे गुरुजी मुख्यालयात होते की अकोल्यात, हे कळतं. एकदा रेंजच्या गोंधळात त्या ॲपने शाळाच अकोट तालुक्यात दाखवली. जिल्हाच बदलला. “शाळा विनापरवानगी कोठी नेली?” असा खुलासा मागवणारा फोन आला, आणि त्याने शाळा जागेवरच असल्याचा जीपीएस फोटो पुन्हा पाठवला.

२०१६ च्या नोव्हेंबरात शासनाने दर सोमवारी पोरांच्या गटासोबत सेल्फी काढून ‘सरल’वर टाकायचा निर्णय काढला होता. शाळाबाह्य पोरं शोधावी, हजेरी वाढावी, हा उद्देश. यानं लगोलग अकोल्याच्या गांधी रोडवरून सेल्फी स्टिक आणली. दहादहाचे गट पाडले, कोण उंच, कोण बुटकं याचा सराव घेतला. शिक्षकांच्या संघटनांनी विरोध केला आणि जानेवारी २०१७ मध्ये निर्णय स्थगित झाला. सेल्फी स्टिक वाया गेली नाही. आजही तो तिने नकाशावर गोदावरी दाखवतो.

रात्रीचं काम पोर्टलचं. दिवसा सर्व्हर झोपतो, रात्री एकनंतर जागा होतो, हे ज्ञान कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही, ते जागूनच मिळतं. आधारवर पोराचं नाव ‘गोलू’, दाखल्यावर वेगळंच. आधार जुळलं नाही तर पोरगं संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवायच्या हिशोबात, मोजलं जात नाही. पोरगं मोजलं नाही तर मास्तर अतिरिक्त ठरतो. म्हणजे गोलूचं नाव दुरुस्त करणं ही गोलूपेक्षा गुरुजीची गरज. तो गोलूला गाडीवर बसवून दर्यापूरच्या आधार केंद्रावर नेतो, रांगेत उभा राहतो, येताना गिलावडा खाऊ घालतो. गोलूच्या मते शाळेतला तो सर्वात चांगला दिवस.

२०१८ च्या जानेवारीत पगाराची ‘शालार्थ’ प्रणाली कोलमडली तेव्हा राज्यभर पगारबिलं पुन्हा कागदावर आली. त्या काळात मोठ्या गुरुजींच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते नंतर कधी दिसलं नाही. कार्बन पेपर, टाचणी, तीन प्रती. ते याला म्हणाले, “सर, येते का तुमाले हे? इकडे या, शिकवतो.”

केंद्रातल्या बारा शाळांपैकी नऊ शाळांच्या लॉगिनला याचाच मोबाईल नंबर आहे. त्यामुळे ओटीपी याच्याकडे येतो. साळीच्या लग्नात, अकोल्याच्या मंगल कार्यालयात, मंगलाष्टकं चालू असताना फोन आला. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात मोबाईल. पलीकडून म्याडम: “सर, ओटीपी सांगा ना, दोन मिनिटांत संपून राह्यला.” भटजी म्हणाले “सावधान” आणि नवरदेवाच्या कानामागून मोठ्याने आलं, “चार, शून्य, सात, सात, एक, दोन!” बाजा वाजला. म्याडमचं लॉगिन झालं. सासऱ्याने नंतर बरेच दिवस याच्याशी भाषण केलं नाही.

बायको म्हणते, “माह्या वाढदिवसाची तारीख यांना आठवत नाही, पण सगळ्या शाळांचे यू-डायस नंबर पाठ.” यू-डायस नंबर अकरा आकडी असतो.

गंमत म्हणजे सगळं तंत्रज्ञान शिक्षकांच्या अंगावर शिक्षक दिनालाच आलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, ५ सप्टेंबर २०१७ ला ‘दीक्षा’ ॲप. पहिल्याने नेट स्वस्त केलं, दुसऱ्याने ते कशाला वापरायचं हे सांगितलं. पुस्तकांवर क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा क्यूआर कोड पाठ्यपुस्तकात नेला. त्यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी शिक्षकांत वाटली. दुसऱ्या दिवशी आपल्या माणसाला चहाच्या टपरीवर लोकांनी घेरलं. “गुर्जी, तुमचं कवा लागते?” लॉटरी असल्यासारखं. एकाने तर आगाऊ हिशोब सांगितला, “लागलं त अर्धे गावाले द्या. तिकडच्यानं वाटलेच ना?”

त्याआधीच्या जूनमध्ये, कोरोनाच्या काळात, शाळा उघडली ती मोबाईलवर. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’. याने ‘चौथी अभ्यास’ ग्रुप काढला. सकाळी दहाला गणिताचा व्हिडिओ टाकायचा. घरात मोबाईल एक, तो बापासोबत वावरात. रात्री आठला पोराच्या हाती यायचा तेव्हा चार्जिंग संपलेलं. ग्रुपवर गणिताची उत्तरं कमी आणि बापांचे प्रश्न जास्त: “सर, सोयाबीनवर हे कोणती अळी हाये?” फोटोसकट. गुरुजीने त्या पावसाळ्यात भागाकारापेक्षा चक्रीभुंगा जास्त शिकवला. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पण ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याकडे लाईन नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत राज्यात सगळ्यांच्या आधी अमरावती-अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. तेव्हा त्याने सगळे व्हिडिओ बाजूला ठेवले, झेरॉक्सच्या दुकानातून अभ्यासाचे कागद काढले, आणि मास्क लावून दारोदार वाटत सुटला. कोणी ओसरीवर बसवलं, कोणी गोठ्यात. त्या वर्षी जो भागाकार पोरांना आला तो ओसरीवरचा. अहवालात लिहिलं, ‘ऑनलाइन अध्यापन १०० टक्के’. कारण फॉर्ममध्ये ओसरीचा पर्याय नव्हता.

मेळघाटातला त्याचा मित्र यावर हसतो. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीने देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं, आणि २०१९ च्या लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरेंनी भर सभेत त्याचा व्हिडिओ लावून ते पुन्हा राज्याला दाखवलं. मित्राची शाळा त्याच्याही आत. तिथे रेंज एका टेकडीवर, टेकडीवरच्या एका दगडावर, दगडाच्या डाव्या टोकाला. कोरकू पोरं सरांना पाहून ओळखतात: सर उजवीकडे उभे म्हणजे नुसते बोलून राह्यले, डावीकडे उभे म्हणजे माहिती भरून राह्यले. २०२३ च्या अखेरीस हजेरी चॅटबॉटवर आली तेव्हा तो मित्र म्हणाला, “पोरायची हजेरी घेतो वर्गात, अन् माही हजेरी घेते थो दगड.”

आता एआय आलं आहे. याने ते सर्वांत आधी शिकून घेतलं. वाचन प्रेरणा दिनाचा अहवाल एआयने असा लिहिला की ‘विद्यार्थ्यांच्या नेत्रांत ज्ञानतेजाची प्रभा उजळली’ हे वाक्य बाराच्या बारा शाळांच्या अहवालात गेलं. साहेबांनी बैठकीत त्या वाक्याचं कौतुक केलं. पाच मुख्याध्यापकांनी आपापल्या जागी मान लववली.

मग व्हायचं ते झालं. साहेबांना वाटलं, एवढा हुशार माणूस वर्गात बसवून ठेवणं म्हणजे नुकसान. त्याची प्रतिनियुक्ती तालुक्याच्या गट साधन केंद्रात झाली. एक टेबल, एक कॉम्प्युटर, वर पंखा, आणि प्रोजेक्टरसोबतही चालणारा इन्व्हर्टर. चौथीची पोरं तिसरीला जोडली. जोडवर्ग घेणाऱ्या म्याडमनी प्रोजेक्टर वापरायचा एकदा प्रयत्न केला, फोन लावला, याने फोनवरून सांगितलं, “म्याडम, मागचं बटण.” मागचं बटण दाबलं तेव्हा पंखा बंद झाला. मोठ्या गुरुजींनी प्रोजेक्टर कपाटात ठेवला आणि डेडस्टॉक वहीत सुवाच्य अक्षरात नोंद केली. नग एक.

गोलू एकदा आधारच्या कामासाठी बापासोबत तालुक्याला आला होता. खिडकीतून डोकावून म्हणाला, “सर, तुमी शाळेत काऊन येत नाही?”

“अरे, सरकारी काम हाये.”

“मंग शाळेचं कोणाचं हाये?”

सरांनी त्याला गिलावड्याचे पैसे दिले. त्या प्रश्नाला फॉर्म नव्हता.

त्याच महिन्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. विषय: ‘वर्गात तंत्रज्ञानाचा परिणामकारक वापर’. सुलभक हाच. तालुक्यातल्या मास्तरांनी तीन दिवस वर्ग सोडून वर्गातलं तंत्रज्ञान शिकून घेतलं. शेवटच्या दिवशी आदर्श तंत्रस्नेही शिक्षकाची माहिती ऑनलाइन भरायची होती. याने स्वतःचीच भरली. नाव, शालार्थ आयडी, यू-डायस, उपक्रम, फोटो. शेवटचा रकाना: आपल्या वर्गातील विद्यार्थिसंख्या. त्याने सवयीने लिहिलं ‘निरंक’. पोर्टल म्हणालं, कृपया अंक भरा. त्याने शून्य टाकलं. ओटीपी आला, स्वतःच्याच मोबाईलवर. पहिल्यांदा तो त्याला कोणाला सांगावा लागला नाही. प्रमाणपत्र तत्काळ पीडीएफमध्ये आलं. नावात फक्त वडिलांच्या जागी बायकोचं नाव होतं, आणि जिल्हा होता अकोला. बदलीचं पोर्टल इतकी वर्षं जे करू शकलं नाही, ते प्रमाणपत्राने एका क्लिकमध्ये केलं.